रिकामी जागा कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



आजच्या सत्रासाठी मला 'पोटनिवडणूक' हा विषय देण्यात आला, तेव्हा प्रथम थोडे आश्चर्य वाटले. अभ्यासवर्गात सामान्यतः मोठे विषय असतात. राष्ट्र, संस्कृती, अर्थनीती, परराष्ट्र धोरण असे. त्यांच्या पंक्तीत पोटनिवडणुकीला पाट कसा मिळाला? पण विचार करू लागल्यावर वाटले, की संयोजकांनी ही निवड समजून उमजूनच केली असावी. सार्वत्रिक निवडणुकीत लाट असते, मोठ्या नेत्यांच्या सभा असतात, देशव्यापी प्रश्न असतात. त्या गदारोळात कार्यकर्त्याचा गुण आणि अवगुण दोन्ही झाकले जातात. पोटनिवडणुकीत असा आडोसा नसतो. एक मतदारसंघ, एक जागा आणि त्या जागेकडे लागलेले सर्वांचे डोळे. त्या एका जागेसाठी आपण काय करावयास तयार होतो, यावरून आपली पारख होते.

'पोट' हा शब्द आपण मराठीत मोठ्या वस्तूच्या आत असलेल्या लहान वस्तूसाठी वापरतो. पोटकलम, पोटभाडेकरू, तशीच पोटनिवडणूक. मोठ्या निवडणुकीच्या पोटातील ही लहान निवडणूक. बहुतेक वेळा ती एखाद्याच्या निधनाने येते. म्हणजे तिच्या मुळाशी शोक असतो. परंतु शोकसभेचा मांडव उतरण्यापूर्वीच आपल्या बैठकांतून एक वाक्य ऐकू येऊ लागते, "ही जागा आपली आहे, ती राखली पाहिजे." माझे आजचे सर्व म्हणणे या एका वाक्याविषयी आहे. ती जागा खरोखर आपली असते का?

१९६३ : चार जागा

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी आपणांस १९६३ सालात घेऊन जातो. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेत ३६१ जागा मिळाल्या होत्या. विरोधी पक्षांचे मोठे मोठे नेते पराभूत झाले होते. डॉ. राममनोहर लोहिया फूलपूरमध्ये पंडित नेहरूंकडून पराभूत झाले, आचार्य कृपलानी आपल्या उत्तर मुंबईत कृष्ण मेनन यांच्याकडून, तर अटलबिहारी वाजपेयी बलरामपूरमध्ये सुभद्रा जोशी यांच्याकडून. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात चीनचे आक्रमण झाले आणि देशाला मानखंडना सोसावी लागली. लोकांच्या मनात वेदना होती, संताप होता. पण पुढची सार्वत्रिक निवडणूक १९६७ सालीच व्हायची होती. तोवर लोकांनी बोलायचे कुठे?

ती संधी १९६३ च्या पोटनिवडणुकांनी दिली. उत्तर प्रदेशातील अमरोहा, फर्रुखाबाद आणि जौनपूर, तसेच गुजरातेतील राजकोट अशा लोकसभेच्या चार जागांकडे देशाचे लक्ष लागले. काँग्रेसविरोधी पक्षांनी आपसांतील मतभेद बाजूला ठेवून परस्परांना साहाय्य करण्याचे ठरविले. अमरोह्यात आचार्य कृपलानी उभे राहिले. त्यांच्यासमोर केंद्रीय मंत्री हाफिज मोहम्मद इब्राहिम होते. फर्रुखाबादेत डॉ. लोहिया, त्यांच्यासमोर आपले मराठी गृहस्थ, माजी माहिती व नभोवाणी मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. राजकोटमध्ये स्वतंत्र पक्षाचे मिनू मसानी. आणि जौनपूरमध्ये जनसंघाचे महामंत्री पंडित दीनदयाळ उपाध्याय.

जनसंघ आणि समाजवादी यांच्या विचारांत किती अंतर होते, हे आपण जाणता. तरीही जनसंघाच्या कार्यकर्त्यांनी लोहियांसाठी काम केले. त्या काळी उत्तर प्रदेशात संघटनेचे काम पाहणारे, मूळचे मराठवाड्यातील कडोळीचे नानाजी देशमुख यांचा या जुळवाजुळवीत मोठा वाटा होता. पुढे १२ एप्रिल १९६४ रोजी दीनदयाळजी आणि लोहिया यांनी भारत-पाक महासंघाच्या कल्पनेविषयी संयुक्त निवेदन काढले. त्या स्नेहाची बीजे याच काळात रुजली.

निकाल लागले. कृपलानी जिंकले, लोहिया जिंकले, मसानी जिंकले. चौघांपैकी एकटे दीनदयाळजी पराभूत झाले.

जौनपूरचा पराभव

येथे थोडे थांबावे लागेल. जौनपूरची जागा कोणती होती? १९६२ साली तेथून जनसंघाचेच ब्रह्मजीत सिंह निवडून आले होते. त्यांच्या निधनामुळे जागा रिकामी झाली होती. म्हणजे आपल्या भाषेत ती 'आपली' जागा. उमेदवार पक्षाचा सर्वांत विचारवंत, सर्वांत निःस्पृह नेता. तरीही काँग्रेसचे राजदेव सिंह विजयी झाले.

त्या निवडणुकीत जातीच्या आधारे मतांच्या बेरजा मांडल्या जात होत्या. दीनदयाळजी जन्माने ब्राह्मण. आपणही आपल्या जातीच्या मतदारांना हाक द्यावी, असा आग्रह काही कार्यकर्त्यांनी धरला. दीनदयाळजींनी तो ठामपणे फेटाळला. जातीच्या नावाने मिळालेला विजय हा जनसंघाचा विजय ठरणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. निकालानंतर त्यांनी विजयी प्रतिस्पर्ध्याचे अभिनंदन केले, पराभवाचे खापर कुणावर फोडले नाही आणि ते नेहमीच्या कामाला लागले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे.

आपल्या भाषणांतून ही कथा आपण अनेकदा सांगतो. ती सांगताना आपला ऊर भरून येतो. पण मी आज आपणांस एक कठीण प्रश्न विचारणार आहे. समजा, उद्या आपल्या मतदारसंघात पोटनिवडणूक लागली, रात्रीच्या बैठकीत कुणी मतदारयादी जातवार रंगवून आणली आणि उमेदवाराने ती बाजूला सारली, तर आपण त्या उमेदवाराला थोर म्हणू, की अव्यवहारी म्हणू? त्याच्या पश्चात आपण एकमेकांशी काय बोलू? दीनदयाळजींच्या तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्यांच्याबरोबर जौनपूर हरणे फार कठीण आहे.

दीनदयाळजींनी मतदारांना जातीच्या नावाने हाक घातली नाही, यामागे केवळ नीतीचा विचार नव्हता. त्यामागे लोकशाहीची एक समज होती. जो नेता जागा आपली मानतो, तो मतदारांना गठ्ठ्यांत मोजतो. गठ्ठा कुणाचा आणि तो कसा उचलायचा, एवढाच प्रश्न त्याच्यापुढे उरतो. जो नेता जागा मतदारांची मानतो, तो प्रत्येकाशी नागरिक म्हणून बोलतो आणि त्याचा नकारही नागरिकाचा नकार म्हणून स्वीकारतो. जौनपूरच्या मतदारांनी नकार दिला. तो देण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

तीन माणसांनी काय केले?

पोटनिवडणुकीने सरकार बदलत नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असे काही जण म्हणतात. १९६३ साली सरकार बदलले नाहीच. पण काय बदलले ते पाहा. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत नेहरू सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला. स्वतंत्र भारताच्या संसदेतील तो पहिला अविश्वास ठराव. बाजूने ६२ आणि विरोधात ३४७ मते पडून तो फेटाळला गेला. परंतु चार दिवस चाललेल्या त्या चर्चेत सरकारला सीमेपासून शेतापर्यंत प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले. देशातील सत्तावीस कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात, हे लोहियांचे विधान त्याच वेळचे. त्यावरून सरकार आणि विरोधक यांच्यात आकड्यांचा जो वाद झाला, तो संसदेच्या इतिहासात संस्मरणीय ठरला. दारिद्र्याचा हिशेब भर सभागृहात मांडला गेला, तो फर्रुखाबादच्या मतदारांनी एक माणूस तेथे पाठविला म्हणून.

त्याच ऑगस्टमध्ये कामराज योजना आली आणि सहा केंद्रीय मंत्री व सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, स. का. पाटील यांचा त्यांत समावेश होता. लोकांचा कल फिरत आहे याची जाणीव सत्ताधाऱ्यांना झाली होती आणि पोटनिवडणुकांनी ती अधिक तीव्र केली होती. पोटनिवडणूक सरकार पाडत नाही. पण सरकारची झोप मोडते. तेवढ्यासाठी तरी ती वेळेवर झाली पाहिजे.

बिनविरोधचे दोन प्रकार

आता महाराष्ट्राकडे येऊ. आपल्याकडे एक सुसंस्कृत प्रथा सांगितली जाते, की सदस्याच्या निधनाने जागा रिकामी झाल्यास, विशेषतः त्याच्या घरातील कुणी उभे असल्यास, निवडणूक बिनविरोध व्हावी. या प्रथेमागील भावना आदरणीय आहे. बिनविरोध निवडीचे आणखी एक उज्ज्वल उदाहरणही आपल्याकडे आहे. चीनच्या आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि नाशिकमधून पोटनिवडणुकीत लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. देशावर संकट होते आणि सर्व पक्षांनी शहाणपण दाखविले. मतदारांच्या मनातही तेच होते.

परंतु मतदारांच्या मनात काय आहे, हे पक्षांनी दरवेळी गृहीत धरू नये. २०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबईत अंधेरी पूर्व विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. भारतीय जनता पक्षाने आपला उमेदवार मागे घेतला. दिवंगत आमदारांच्या पत्नी श्रीमती ऋतुजा लटके यांचा विजय निश्चित झाला. मात्र काही अपक्ष रिंगणात राहिल्याने मतदान झालेच. त्यात दुसऱ्या क्रमांकाची मते कुणालाही नव्हती, 'नोटा'ला होती. बारा हजारांहून अधिक. त्या मतांचा अर्थ प्रत्येक पक्ष आपापल्या सोयीने लावील. मी एवढाच लावतो, की बारा हजार माणसे रांगेत उभी राहून आपले काहीतरी म्हणणे नोंदवून आली. जागेविषयी पक्षांचे आपसांत ठरले, तरी मतदारांचे ठरायचे बाकी असते.

कसब्याचा धडा

आता जे बोलणार आहे ते मी पुण्याचा मतदार म्हणून बोलतो. श्रीमती मुक्ता टिळक यांचे डिसेंबर २०२२ मध्ये निधन झाले आणि कसबा पेठेत पोटनिवडणूक लागली. १९९५ पासून हा मतदारसंघ सलग भारतीय जनता पक्षाकडे होता. गिरीश बापट तेथून पाच वेळा आमदार झाले होते. त्यामुळे 'बालेकिल्ला' हा शब्द सर्वांच्या तोंडी होता. मंत्री गल्लीबोळांतून फिरले, पदयात्रा निघाल्या. उमेदवारी कोणत्या समाजाला मिळाली आणि कोणता समाज नाराज झाला, याचीही जाहीर चर्चा झाली, फलक लागले. जौनपूरची गोष्ट भाषणांत सांगणारे आपण त्या दिवसांत कोणत्या भाषेत बोलत होतो, ते ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

त्या दिवसांत मीही घरोघर चिठ्ठ्या वाटत होतो. एका जुन्या वाड्यात एक आजी भेटल्या. जिन्याला कठडा नव्हता, नळाला पाणी नव्हते. वाड्याच्या पुनर्विकासाचे कागद कित्येक वर्षे अडलेले. त्यांनी चहा दिला, चिठ्ठी घेतली आणि शांतपणे विचारले, की बाबा, इतकी वर्षे आम्ही तुम्हांलाच मत देतो. पण निवडणूक नसताना तू या जिन्याने कधी वर आला होतास का? माझ्यापाशी उत्तर नव्हते. कारण मी त्या जिन्याने प्रथमच चढलो होतो.

२ मार्च २०२३ रोजी निकाल लागला. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर सुमारे अकरा हजार मतांनी विजयी झाले, हेमंत रासने पराभूत झाले. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत रासने यांनी धंगेकरांचा पराभव केला. या दोन्ही निकालांचा बोध एकच आहे. बालेकिल्ला नावाची वस्तू मतदारांच्या नकाशावर नसते.

कसब्याचा जुना इतिहासही हेच सांगतो. अण्णा जोशी १९९१ साली लोकसभेवर गेल्यावर तेथे पोटनिवडणूक झाली, तेव्हा काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले आणि गिरीश बापट हरले. तेच बापट १९९५ पासून सलग निवडून येत गेले. मधल्या काळात त्यांनी काय केले, हे पुण्याच्या पेठांतील जुन्या लोकांना विचारा. ते लोकांत राहिले. २०२३ च्या फेब्रुवारीत गंभीर आजारी असतानाही, नाकात प्राणवायूची नळी आणि बसायला चाकांची खुर्ची अशा अवस्थेत ते कार्यकर्त्यांपुढे आले होते. त्यांना त्या स्थितीत आणावे की नाही, यावर मतभेद झाले. पण त्या माणसाचे नाते जागेशी नव्हते, लोकांशी होते, याविषयी कुणाचे दुमत नव्हते.

चौदा महिने रिकामी खुर्ची

२९ मार्च २०२३ रोजी बापट गेले आणि पुण्याची लोकसभेची जागा रिकामी झाली. आता कायदा पाहा. लोकप्रतिनिधित्व अधिनियमात १९९६ साली १५१-अ हे कलम घातले गेले. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घेतली पाहिजे, असे ते सांगते. अपवाद दोनच. सदस्याचा उर्वरित कार्यकाळ एक वर्षापेक्षा कमी असल्यास, किंवा त्या मुदतीत निवडणूक घेणे अवघड असल्याचे निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केल्यास. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे पहिला अपवाद लागू होत नव्हता. आयोगाने दुसऱ्याचा आधार घेतला. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत यंत्रणा गुंतलेली आहे आणि निवडून येणाऱ्यास फार थोडा काळ मिळेल, असे कारण दिले. त्याच सुमारास, सप्टेंबर २०२३ मध्ये, सहा राज्यांत विधानसभेच्या सात जागांसाठी पोटनिवडणुका झाल्या.

एका पुणेकर मतदाराने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. १३ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने आयोगाचे प्रमाणपत्र रद्द ठरवून तत्काळ निवडणूक घेण्याचा आदेश दिला. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. तोवर सार्वत्रिक निवडणूक दाराशी आली होती. अखेर ४ जून २०२४ रोजी मुरलीधर मोहोळ निवडून आले, तेव्हा पुण्याला खासदार मिळाला. चौदा महिन्यांहून अधिक काळ पुणे लोकसभेत मुके होते. चंद्रपूरचीही हीच कथा. तेथील काँग्रेसचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ रोजी गेले आणि ती जागाही शेवटपर्यंत भरली गेली नाही. एक जागा भाजपची, एक काँग्रेसची, रिकामेपण सारखेच. याच्या उलट अकोला पश्चिम विधानसभेचे. तेथे पोटनिवडणूक जाहीर झाली आणि निवडून येणाऱ्यास वर्षाहून कमी काळ मिळेल म्हणून मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली.

रिकामी खुर्ची म्हणजे काय, याचे एकच उदाहरण देतो. २० सप्टेंबर २०२३ रोजी लोकसभेने महिला आरक्षणाचे विधेयक ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत केले. ज्या शहरात १८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, त्या शहराचा प्रतिनिधी त्या दिवशी सभागृहात नव्हता. एका मताने निकाल बदलला नसता, हे खरे. पण पुण्याचे मत नोंदले गेले नाही, हेही खरे.

आणि बंधु-भगिनींनो, त्या चौदा महिन्यांत आपण काय केले? जागा 'आपली' होती ना? मग ती लवकर भरावी म्हणून आपण मोर्चा काढला का? निवेदन दिले का? न्यायालयात कुणी एक मतदार गेला. आपल्या बैठकांत मात्र चर्चा होती, पुढील उमेदवार कोण. प्रतिस्पर्धी पक्षांतही यापेक्षा वेगळे काही चालले होते असे मला दिसले नाही. कसब्याचा निकाल ताजा असल्याने, जोखीम नको असे कुणाकुणाला वाटले असेल. मी हेतूंचा निवाडा करीत नाही. पण जागा राखण्यासाठी जिवाचे रान करणारा कार्यकर्ता ती रिकामी राहताना स्वस्थ बसतो, तेव्हा त्याचे प्रेम प्रतिनिधित्वावर आहे की कब्जावर, असा प्रश्न उभा राहतो.

कार्यकर्त्याचे तीन नेम

म्हणून तीन गोष्टी सुचवितो. पहिली, सदस्याच्या निधनानंतर बैठक भरेल तेव्हा उमेदवाराच्या आधी मतदारसंघाची चर्चा व्हावी. कोणती कामे अडली, कुणाचे अर्ज कुठे पडून आहेत, याची यादी करावी आणि निवडणुकीची वाट न पाहता ती हाती घ्यावी. दुसरी, सहा महिन्यांची मुदत आपण मोजावी आणि ती टळत असेल, तर सत्ता कुणाचीही असो, आपण बोलावे. आपल्या पक्षाची सत्ता असेल तेव्हा तर अधिक स्पष्टपणे बोलावे. तिसरी, जातवार रंगविलेली मतदारयादी बैठकीत आली, तर ती आणणाऱ्याला जौनपूरची गोष्ट सांगावी आणि यादी परत करावी. त्यामुळे एखादी जागा जाईलही. दीनदयाळजींचीही गेली होती.

दीनदयाळजी पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. डिसेंबर १९६७ मध्ये ते जनसंघाचे अध्यक्ष झाले आणि ११ फेब्रुवारी १९६८ रोजी मुगलसराय येथे त्यांचा मृतदेह सापडला. लोकसभेत ते कधी बसले नाहीत. जौनपूरच्या लोकांनी दिलेला नकार त्यांनी तक्रार न करता स्वीकारला, कारण जागा जौनपूरच्या लोकांची होती.

येथून आपापल्या गावी गेल्यावर एक करा. निवडणूक नसताना, हातात चिठ्ठी नसताना, आपल्या वस्तीतील एखादा न चढलेला जिना चढा. मी कसब्यातील त्या वाड्यात त्यानंतर तीनदा जाऊन आलो. कठडा बसला आहे. पुनर्विकासाचे कागद अजून अडलेलेच आहेत. आजी आता मला विचारतात, चौथ्यांदा कधी येणार?